नेटची कंपनी सहज बदलता यावी, मेलचा पत्ता कधीच बदलावा लागू नये: पुण्यातल्या घरासाठी इंटरनेट आणि ईमेल कसं निवडावं

घरी नवं इंटरनेट घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी मोबाइलवर प्लॅन उघडतात. किती एमबीपीएस, किती रुपये, सोबत कोणती ओटीटी फुकट. माझं सांगणं आहे की प्लॅन सगळ्यात शेवटी बघा. तुमच्या इमारतीपर्यंत वायर कशी येते आणि ती तुटल्यावर दुरुस्तीला कोण येतं, यावर घरातलं नेट कसं चालणार ते ठरतं. प्लॅनवर लिहिलेल्या आकड्याचा त्यात वाटा फार थोडा असतो. ईमेलचा विचार तर नेट घेताना कुणी करतच नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच कसोटीवर घासून घ्याव्यात: उद्या ही कंपनी सोडायची वेळ आली तर मला किती त्रास होईल? नेटच्या बाबतीत तो त्रास एका फोनपुरता असावा. मेलच्या बाबतीत पत्ता सोडायची वेळच येऊ नये.

आधी इमारत बघा

पेठांमध्ये जुने वाडे आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती आहेत. तिथे वायर खांबावरून आणि गच्चीवरून फिरत येते. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर भागातल्या अनेक जुन्या सोसायट्या पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. बाणेर, हिंजवडी, खराडीच्या टॉवरमध्ये वायरींसाठी डक्ट असते, पण बिल्डरने एक-दोनच कंपन्यांना आत घेतलेलं असू शकतं. वाघोली, उंड्री, मोशी, भूगाव अशा वाढत्या भागांत रस्ता आधी येतो आणि फायबर (प्रकाशावर चालणारी काचेच्या तंतूची वायर) मागून. त्यामुळे "पुण्यात सगळ्यात चांगलं नेट कुणाचं?" या प्रश्नाला उत्तर नाही. "आमच्या बी विंगमध्ये कुणाचं चांगलं चालतं?" याला मात्र असतं.

ते शेजाऱ्यांना विचारा, पण स्पीड विचारू नका. स्पीड सगळेच चांगला सांगतात. त्याऐवजी असं विचारा: गेल्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडलं? एकदा बंद पडलं की सुरू व्हायला जास्तीत जास्त किती वेळ लागला? तक्रार केल्यावर माणूस त्याच दिवशी आला का? तुमच्याच जिन्यातल्या दोन घरांनी एकच उत्तर दिलं तर ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त खरं समजा.

दुसरा प्रश्न कंपनीच्या किंवा केबलवाल्याच्या माणसाला: फायबर थेट माझ्या घरात येणार, की इमारतीपर्यंत येऊन पुढे लॅन केबल? बऱ्याच ठिकाणी फायबर गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या एका पेटीत थांबतं, त्या पेटीत स्विच (एका जोडणीच्या अनेक वाटा करणारं यंत्र) असतो आणि तिथून प्रत्येक घरात लॅन केबल जाते. या रचनेत एक गोम आहे. तो स्विच बहुधा सोसायटीच्या कॉमन मीटरवर चालतो. त्याला वेगळा बॅकअप नसेल तर वीज गेली की स्विच बंद, मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असो नाहीतर यूपीएस, नेट जाणारच. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बरीचशी गुरुवारी निघतात. घरून काम करणाऱ्याला हे आधी माहीत नसलं तर गुरुवारची प्रत्येक मीटिंग टांगणीला लागते. थेट घरात येणाऱ्या फायबरच्या वाटेत इमारतीत सहसा विजेवर चालणारं काही नसतं. घरातल्या डब्याला, म्हणजे राउटरला, बॅकअप दिला की बहुतेक वेळा काम चालू राहतं. दोन्ही उपलब्ध असतील तर मी डोळे झाकून थेट फायबर घेईन, महिन्याला शंभर रुपये जास्त पडले तरी.

फायबर येतच नसेल तर फाइव्हजीवर चालणारं एअरफायबर हा पर्याय २०२३ पासून आहे. त्याचा रिसीव्हर गच्चीवर किंवा बाल्कनीत बसतो, म्हणून सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. मोबाइल टॉवरवर गर्दी झाली की संध्याकाळी वेग खाली येतो, आणि डेटाची मर्यादाही फायबरपेक्षा कमी असते. नव्या वस्तीत वर्ष-दीड वर्षासाठी ते ठीक आहे. मात्र फायबर आलं की बदलायची मोकळीक ठेवूनच घ्या.

स्पीडचं गणित पाच मिनिटांत

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येतात आणि १ जीबीची फाइल उतरायला साधारण दीड मिनिट लागतं. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ आणि फोरकेसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. चार माणसांच्या घरात एका खोलीत मालिका, दुसरीत ऑफिसची मीटिंग, तिसरीत मुलांचा क्लास, असं सगळं एकदम चाललं तरी १०० पुरतं. दोघं ज्येष्ठ नागरिक आणि परदेशातल्या मुलांशी व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर ४०-५० भरपूर आहे. ३०० आणि ५०० चे प्लॅन बहुतेक घरांना लागत नाहीत.

डाउनलोडच्या वेगापेक्षा अपलोडचा, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जाणारा, वेग जास्त महत्त्वाचा आहे. मीटिंगमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज अपलोडवरून जातो. जुन्या टीव्ही केबलवरून येणाऱ्या जोडणीत डाउनलोड दणक्यात आणि अपलोड त्याच्या थोड्याशाच भागाएवढा, असं असू शकतं. म्हणून "दोन्ही बाजूंना सारखा वेग आहे का?" हे विचारूनच पुढे जा.

'अनलिमिटेड' या शब्दाखाली बारीक अक्षरांत मर्यादा असते. फायबरवर ती बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबी आहे, म्हणजे दिवसाला ११० जीबी. साध्या घराचा तेवढा वापर होत नाही. पण स्थानिक प्लॅनमध्ये ही मर्यादा किती आणि ती ओलांडल्यावर वेग किती उरतो, दोन्ही वाचा.

पैसे भरण्याआधी

जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी धरा. ५९९ चा प्लॅन हातात ७०७ रुपयांना पडतो. राउटर विकत आहे, भाड्याने आहे की अनामत ठेवून आहे, हे स्पष्ट करून घ्या. अनामत असेल तर पावतीवर 'परत मिळणारी' असं लिहिलेलं हवं. डबा परत करताना त्याचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा आणि पोच घ्या.

सहा महिने किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले की जोडणी फुकट, अशी योजना जवळजवळ सगळ्यांकडे असते. वर्षाचं भरू नका, असं माझं ठाम मत आहे, निदान पहिल्या वर्षी तरी. भाड्याने राहणाऱ्यांचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि प्लॅन बारा महिन्यांचा. पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीत तर घर कधी रिकामं करायचं त्याची तारीखच सतत हलत असते. आणि एकदा वर्षाचे पैसे कंपनीच्या खिशात गेले की तुमच्या तक्रारीतला जोर निम्मा होतो. महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं घ्या, जोडणीचे हजार-पाचशे द्यावे लागले तरी द्या. एक पावसाळा आणि एक गणेशोत्सव नीट पार पडला की मग वर्षाचा विचार करा. पावसात झाडाच्या फांद्या वरच्या वायरी तोडतात आणि मिरवणुकांच्या रस्त्यांवर आड येणाऱ्या केबल काढल्या जातात, त्यामुळे कंपनीची खरी परीक्षा याच काळात होते.

जोडणीच्या दिवशी घरात थांबा

हे काम घाईत वॉचमनवर किंवा शेजाऱ्यांवर सोपवू नका. डबा कुठे बसतो यावर पुढची कित्येक वर्षं अवलंबून आहेत. माणूस साहजिकच वायर जिथून आत येते तिथेच, म्हणजे बाल्कनीच्या दाराशी, डबा लावू पाहतो. त्याला घराच्या मध्यापर्यंत वायर न्यायला सांगा, जास्तीच्या वायरचे पैसे द्या. डबा टीव्हीच्या शोकेसमध्ये, लोखंडी कपाटामागे किंवा माळ्यावर नको, छातीच्या उंचीवर उघडा हवा.

त्या डब्याचे दिवे एकदा ओळखून घ्या. 'पॉवर' हिरवा. 'पीओएन' हिरवा आणि स्थिर असला की फायबर ठीक आहे. 'एलओएस' हा दिवा एरवी बंद असतो. तो लाल लुकलुकायला लागला म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही, वायर कुठेतरी तुटली आहे किंवा दुमडली आहे. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. फोनवर सरळ "एलओएस लाल आहे" म्हणा. पलीकडचा माणूस "काका, जरा रिस्टार्ट करून बघा" म्हणायचं सोडून लाइनमन पाठवतो. मात्र तो दिवा बंद, पीओएन हिरवा आणि तरी नेट नाही, असं असेल तर दोष कंपनीच्या यंत्रणेत, थकलेल्या बिलात किंवा तुमच्या वायफायमध्ये आहे. डब्यात जाणारी बारीक फायबरची दोरी, जिच्या टोकाला बहुधा हिरवा कनेक्टर असतो, तिला वाटीच्या काठापेक्षा लहान वळण देऊ नका. मोकळ्या टोकात डोळा घालून बघू नका आणि मुलांनाही बघू देऊ नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

माणूस जाण्याआधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा. २०० चा प्लॅन असून ९५ च्या आसपास अडकत असेल, तर बहुतेक वेळा लॅन केबलमधल्या चारच तारा जोडलेल्या असतात किंवा केबल खोचायचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असतं. ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. मग हीच मोजणी रात्री नऊच्या सुमारास, सगळी इमारत नेटवर असताना, दोन-तीन दिवस करून आकडे लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ते उपयोगी पडतात.

वायफायचं थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त आत जातं पण गर्दीच्या इमारतीत मंदावतं, ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण एक-दोन भिंतींनंतर दमतं. वाड्याच्या जाड दगडी भिंतींतून तर ते जवळजवळ जातच नाही. तिथे महागडा राउटर घेण्याऐवजी दुसऱ्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन एक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तिथून वायफाय देण्यापुरता, लावा. वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, असे दोन्ही पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. लाइनमनला दोन्ही माहीत असतात.

बॅकअपसाठी मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी डब्याच्या ॲडाप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, सगळे नाहीत. ओएनटी (फायबर ज्याला जोडतात तो डबा) आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागेल. दुसरी जोडणी म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो, फक्त तो वेगळ्या कंपनीचा असावा. दोन वायरवाल्या जोडण्या घेऊन फारसा फायदा नाही, कारण दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत असतील तर एकाच फांदीने दोन्ही जातात.

तक्रारीचं म्हणाल तर लाइनमनचा वैयक्तिक नंबर जरूर ठेवा, पण प्रत्येक वेळी कंपनीकडे नोंद करून तक्रारीचा क्रमांक, म्हणजे डॉकेट नंबरही घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे आधी तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण, अशा दोन पायऱ्या आहेत. डॉकेट नंबर नसेल तर दुसरी पायरी चढता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आता मेल: पत्ता कुणाच्या मालकीचा?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सुरू केलं. त्या काळातली पुण्यातली व्हिजिटिंग कार्डं कुणाकडे असतील तर बघा: पत्त्याच्या शेवटी 'पीएन२ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन' किंवा 'पीएन३' असायचं, पीएन म्हणजे पुणे. २००२ मध्ये व्हीएसएनएल टाटांकडे गेली, २००८ मध्ये नावही बदललं. ज्यांनी तो पत्ता बँकेला, ग्राहकांना, नातेवाइकांना दिला होता, त्यांना सगळीकडे नवा पत्ता कळवत बसावं लागलं. नेट देणाऱ्या कंपनीने सोबत फुकट मेलबॉक्स देऊ केला तर म्हणूनच घेऊ नका. तीच गोष्ट कॉलेजच्या आणि नोकरीच्या पत्त्याची. डीमॅट, प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी आणि मिळकतकर यांच्याशी ऑफिसचा मेल जोडलेली माणसं नोकरी बदलताना ओटीपीसाठी हताश होतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहते.

घरगुती वापराला जीमेल किंवा आउटलुक डॉट कॉम पुरेसं आहे. जीमेलचे १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहेत, हे लक्षात ठेवा. फोटोंनी जागा भरली की मेल यायचा थांबतो, आणि मेल का येत नाहीत ते कळत नाही. चेन्नईच्या झोहोचाही मेल आहे. गोपनीयता जास्त महत्त्वाची असेल तर स्वित्झर्लंडचं प्रोटॉन आहे, मात्र ते कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या मेल सॉफ्टवेअरमध्ये जोडायला पैसे भरावे लागतात. डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट किंवा घरगुती उद्योग करणाऱ्यांनी स्वतःच्या नावाचं डॉट इन डोमेन (मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग) घ्यावं. मग मेल आज एका कंपनीकडे, उद्या दुसरीकडे नेला तरी पत्ता तोच राहतो. फक्त नूतनीकरण आपोआप होईल असं लावा आणि डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नको.

सॉफ्टवेअर कोणतं आणि कसं लावायचं

ब्राउझरमध्ये मेल वाचून ज्यांचं भागतं त्यांनी तसंच चालू ठेवावं. दोन-तीन पत्ते असतील, जुने मेल सतत शोधावे लागत असतील किंवा नेट बंद असतानाही पत्रव्यवहार हाताशी हवा असेल तर कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर घ्या. माझी शिफारस थंडरबर्ड या मेल सॉफ्टवेअरची आहे. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, २०२४ पासून अँड्रॉइडवरही आहे. मॅकवाल्यांना ॲपलचं मेल पुरतं. विंडोजमधलं जुनं 'मेल' २०२४ च्या अखेरीस बंद झालं आणि त्याच्या जागी नवं आउटलुक आलं. ते सोपं आहे, पण त्यात तुम्ही जीमेलसारखं दुसरं खातं जोडलं की तो मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर साठवला जातो. हे ज्याला चालत नाही त्याने थंडरबर्डच घ्यावं.

खातं जोडताना नाव आणि पत्ता टाकला की बाकी माहिती सॉफ्टवेअर स्वतः शोधतं. तिथे आयमॅप आणि पॉप असे दोन पर्याय येतील. आयमॅप निवडा: मेल सर्व्हरवर राहतो आणि फोन, कॉम्प्युटर सगळीकडे सारखा दिसतो. पॉप मेल उतरवून घेतो आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसतो, मग हार्डडिस्क गेली की सगळं गेलं. हाताने भरायची वेळ आली तर आयमॅपसाठी पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९३, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर आधी पाठवण्याचं पोर्ट बघा. कुणीतरी जुन्या सवयीने २५ टाकलेलं असतं आणि घरगुती जोडण्यांवर ते बऱ्याचदा बंद असतं. जीमेल पासवर्ड विचारताना गूगलची स्वतःची खिडकी उघडतं, तिथे लॉगिन करायचं. जुन्या सॉफ्टवेअरला मात्र टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणारी सोय) चालू करून त्या सॉफ्टवेअरपुरता वेगळा ॲप पासवर्ड बनवून द्यावा लागतो.

आयमॅपमध्ये एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. त्यामुळे बॅकअप वेगळा हवाच. गूगल टेकआउट या आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून सगळा मेल एमबॉक्स फाइलमध्ये उतरवता येतो. दर दिवाळीच्या साफसफाईत ती फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकायची सवय लावा.

मराठीबद्दल. युनिकोडमध्ये (सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत) लिहिलेला मेल आज कुठेही नीट दिसतो. पण पुण्यातल्या कितीतरी प्रेस, संस्था आणि वकिलांच्या ऑफिसांत श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट अजून आहेत, आणि त्यातला मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला चिन्हांचा कचरा दिसतो. कुठलंही मेल सॉफ्टवेअर ते दुरुस्त करू शकत नाही. पाठवणाऱ्याने मजकूर युनिकोडमध्ये बदलावा नाहीतर पीडीएफ पाठवावी. थंडरबर्डमध्ये देवनागरीसाठी अक्षराचा आकार वेगळा ठरवता येतो. घरात वयस्कर माणूस असेल तर तो दोन अंकांनी वाढवून द्या, वाचण्यात फार फरक पडतो.

खातं जुन्या पत्त्यावरून नव्यावर हलवताना घाई करू नका. जुन्यावरून नव्याकडे फॉरवर्ड लावा, मग आधी बँक, नंतर प्राप्तिकर, डीमॅट, विमा, गॅस, वीज या क्रमाने पत्ता बदलत चला. जुन्या पत्त्यावर अजून काय येतंय ते वर्षभर बघत राहा, कारण वर्षातून एकदाच येणारी विम्याची आणि कराची पत्रं तेव्हाच सापडतात. टू-स्टेप चालू करा आणि रिकव्हरीला चालू असलेला मोबाइल नंबर द्या. आई-वडिलांच्या खात्याला मुलाचा किंवा मुलीचा नंबरही जोडा. 'आज रात्री वीज तोडली जाईल' असे मेसेज आणि मेल येतात, त्यातल्या लिंकला हात लावू नये. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, हा नंबर घरात फोनजवळ लिहून ठेवा.

गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकू शकतं, हेही घरच्यांना माहीत हवं. त्याच्याच सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं ठरावीक महिने वापरात नसेल तर कोणाला कळवायचं आणि त्यातलं काय द्यायचं, हे तिथे आधीच नोंदवता येतं. मुलं परदेशात असलेल्या काका-काकूंकडे बसून मी हे आवर्जून करून देते. तीन ते अठरा महिन्यांपर्यंतची मुदत निवडता येते. आम्ही बहुधा सहा महिने ठेवतो, आणि मुलाचा मेल त्यात टाकण्याआधी त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन पत्ता बरोबर आहे ना ते वाचून दाखवतो.